पावसाळ्यात पीएम २.५ चा सेन्सर दुप्पट-तिप्पट का दाखवतो, आणि तो आकडा कसा दुरुस्त करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण) मोजणारा प्लँटॉवर पीएमएस५००३ सेन्सर, ईएसपी३२ हा छोटा वायफाय बोर्ड आणि आर्द्रतेसाठी बीएमई२८० एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवले आहेत. जुलैत पहाटे तो घनमीटरला ८०-९० मायक्रोग्रॅम दाखवतो, तर जवळच्या सरकारी केंद्रावर २५-३० असतात. दुपारी ऊन पडले की फरक कमी होतो. सेन्सर बिघडला आहे का, सरसकट ०.५ ने गुणले तर चालेल का, की इनलेटला (हवा आत जाते त्या तोंडाला) हीटर लावावा?

सेन्सर बहुधा ठीक आहे. ०.५ ने गुणून चालणार नाही. हीटर लावता येतो, पण आधी गणिताने काम भागते का ते पाहा.

सरकारी केंद्र आणि तुमचा सेन्सर दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पीएम २.५ ची व्याख्या वस्तुमानाची आहे, आणि तेही ठरवून दिलेल्या आर्द्रतेत सुकवलेल्या कणांच्या वस्तुमानाची. मूळ पद्धतीत फिल्टरवर कण गोळा करतात, फिल्टर नियंत्रित खोलीत २४ तास ठेवतात आणि मग वजन करतात. अमेरिकन पद्धतीत त्या खोलीची आर्द्रता ३० ते ४० टक्के आणि तापमान २० ते २३ अंश असते, युरोपात ४५ ते ५० टक्के. पीएमएस५००३ मात्र कणाला पाण्यासकट पाहतो. लेझरचा किरण कणावर पडून किती प्रकाश विखुरला हे तो मोजतो आणि कारखान्यात ठरवलेल्या गुणकाने त्याचे मायक्रोग्रॅम करतो. त्यात हवा सुकवायची काही सोय नाही.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच हवेतल्या मिठाच्या कणाचे होते. शुद्ध सोडियम क्लोराइडचा कोरडा कण २५ अंशाला साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर एकदम विरघळून थेंब बनतो, अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांवर, अमोनियम नायट्रेट ६२ टक्क्यांच्या आसपास. परत सुकताना गाडी त्याच वाटेने येत नाही. मिठाचा थेंब ४५ टक्क्यांपर्यंत आणि सल्फेटचा ३५ टक्क्यांपर्यंत ओलाच राहू शकतो. म्हणून सकाळी आर्द्रता उतरताना ६५ टक्क्यांवर मिळणारा आकडा आणि संध्याकाळी ती चढताना त्याच ६५ टक्क्यांवर मिळणारा आकडा वेगळे असू शकतात. खऱ्या हवेत मात्र एका कणात सल्फेट, नायट्रेट, सेंद्रिय पदार्थ, काजळी असे सगळे मिसळलेले असते. त्यामुळे पायरीसारखी उडी सहसा दिसत नाही. कण ६० टक्क्यांपासून हळूहळू फुगतो आणि ८५ च्या पुढे झपाट्याने.

किती फुगेल हे कॅपा नावाच्या एका आकड्यात बसवता येते. कॅपा म्हणजे कणाची पाणी ओढण्याची ताकद. समुद्री मिठाचा कॅपा १.१ ते १.३, अमोनियम सल्फेटचा ०.५ ते ०.६, बहुतेक सेंद्रिय पदार्थांचा ०.१ च्या आसपास, ताज्या काजळीचा जवळपास शून्य. जमिनीवरच्या मिश्र हवेला ०.३ धरण्याची पद्धत आहे. दुरुस्तीचे सूत्र असे:

पट = १ + (कॅपा ÷ १.६५) × आर्द्रता ÷ (१०० − आर्द्रता)

१.६५ ही कोरड्या कणाची धरलेली घनता. सेन्सरच्या आकड्याला या पटीने भागले की कोरड्या वस्तुमानाचा अंदाज मिळतो. कॅपा ०.३ धरला तर ५० टक्क्यांवर पट १.१८ येतो, ७० वर १.४२, ८० वर १.७३, ८५ वर २.०३, ९० वर २.६४ आणि ९५ वर ४.४५. सरसकट ०.५ का चालत नाही ते इथेच दिसते: तो गुणक फक्त ८५ टक्क्यांच्या आसपास बरोबर आहे. दुपारी त्याने आकडा नको इतका खाली जाईल आणि पहाटे पुरेसा उतरणारच नाही.

हे सूत्र पाण्याचे वस्तुमान मोजते, प्रकाश नव्हे, एवढे ध्यानात असू द्या. कण फुगला की विखुरणारा प्रकाश वस्तुमानाच्या त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. आकार वाढतो, पण पाणी मिसळल्याने अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) १.५ कडून १.३३ कडे घसरतो आणि परिणाम थोडा कापला जातो. म्हणून पुस्तकातला कॅपा जसाच्या तसा न वापरता आपल्या सेन्सरवर आपल्या जागी काढलेला वापरावा. तो आकडा रसायनशास्त्राचा कॅपा राहत नाही, सेन्सरच्या चुका पोटात घेतलेला कामचलाऊ कॅपा होतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तो दुसऱ्या बनावटीच्या सेन्सरला उचलून लावू नका.

तो काढायला सेन्सर सरकारी केंद्राच्या इनलेटशेजारी, काही मीटरच्या आत, निदान तीन-चार आठवडे ठेवावा लागतो. परवानगी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर दोन किलोमीटरवरचे केंद्र ही तडजोड आहे. मग फक्त वारा वाहता आहे आणि दोन्हींच्या मध्ये मोठा रस्ता किंवा बांधकाम नाही असे तास निवडा. तासाची सरासरी काढा. ज्या तासात पाऊण तासापेक्षा कमी नोंदी आहेत तो टाका. केंद्राचा आकडा १५ च्या खाली असलेले तासही टाका, कारण लहान आकड्याने भागले की गुणोत्तर वेडेवाकडे नाचते. मग प्रत्येक तासासाठी उभ्या अक्षावर सेन्सर ÷ केंद्र आणि आडव्या अक्षावर आर्द्रता ÷ (१०० − आर्द्रता) मांडा. ठिपके साधारण सरळ रेषेत पडतात. रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा म्हणजे कोरड्या हवेतली सेन्सरची अतिशयोक्ती. रेषेचा उतार भागिले तो आकडा, गुणिले १.६५, म्हणजे तुमचा कॅपा.

उदाहरणादाखल समजा रेषेने उभ्या अक्षाला १.४ वर कापले आणि उतार ०.२८. मग ०.२८ ÷ १.४ = ०.२०, कॅपा ०.३३. पहाटे सेन्सर ८८ दाखवतो, आर्द्रता ८५ टक्के. ८५ ÷ १५ = ५.६७. १ + ०.२० × ५.६७ = २.१३. त्याला १.४ ने गुणले की २.९९. ८८ ÷ २.९९ = २९.५. तुमचा पहाटेचा तिप्पट फरक असा दोन तुकड्यांत सुटतो: १.४ पट प्लँटॉवरच्या कारखान्यातल्या गुणकामुळे आणि २.१ पट पाण्यामुळे. भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ३० पर्यंत ‘चांगली’, ६० पर्यंत ‘समाधानकारक’ आणि ९० पर्यंत ‘मध्यम’ धरतात. म्हणजे कच्चा आकडा दिवसभर असाच राहिला, तर नुसत्या दमटपणाने आणि गुणकाने हवा दोन पायऱ्या खाली दिसेल.

आता यातली सगळ्यात नाजूक जागा, आर्द्रतेचा आकडा. बीएमई२८० ची चूक अधिक-उणे ३ टक्के असते. ७० टक्क्यांवर ती चूक माफ आहे: वरच्याच उदाहरणात कच्चा ८८ असताना आर्द्रता ६७, ७० आणि ७३ धरली तर उत्तरे ४५, ४३ आणि ४१ येतात. ९२ टक्क्यांवर तीच चूक महागात पडते: ८९ धरली तर २४, ९२ धरली तर १९, ९५ धरली तर १३. सूत्र तेच, सेन्सर तोच, उत्तर दुप्पट इकडे-तिकडे. म्हणून ९० च्या वर दुरुस्त आकड्यावर ‘अंदाज’ अशी खूण करावी आणि ९५ च्या वर आकडा दाखवूच नये. धुक्यात तर हे सूत्र मुळातच लागू नाही. धुक्याचा थेंब काही मायक्रॉन ते काही दहा मायक्रॉनचा असतो, त्यात जवळजवळ सगळे पाणीच, आणि सेन्सर त्याला कण म्हणून मोजतो. आर्द्रता ९९ पेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा घालून गणित चालू ठेवणारे कोड बरेच फिरतात. त्यातून आकडा सुंदर गुळगुळीत येतो आणि त्याला काही अर्थ नसतो.

दुसरा घोळ डब्याच्या आतल्या उष्णतेचा. ईएसपी३२ चे वायफाय आणि पंखा मिळून डब्यातली हवा तीन-चार अंश गरम करतात. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल तर आत ३१ अंशाला तीच हवा ७१ टक्के होते. पाणी तेवढेच, पण गरम हवा जास्त पाणी धरू शकते. मग सूत्रात ९० घालायचे की ७१? लेझरसमोर कण ज्या हवेत असतो ती हवा महत्त्वाची, म्हणून आतली आर्द्रता तत्त्वतः जवळची. पण बीएमई२८० जर ईएसपी३२ ला चिकटून बसला असेल तर तो बोर्डाची ऊब मोजतो, कणांची हवा नाही. त्याला पीएमएस५००३ च्या हवा बाहेर पडणाऱ्या भोकापाशी, बोर्डापासून निदान पाच सेंटीमीटर दूर लावा. आणि एक नियम कधी मोडू नका: ज्या जागेची आर्द्रता घेऊन कॅपा काढला, त्याच जागेची आर्द्रता पुढे वापरायची. आतल्या आर्द्रतेवर काढलेला कॅपा वेधशाळेच्या आर्द्रतेला लावला तर पहाटेचे आकडे अर्ध्याहूनही खाली बसतील.

गणित आधी मिनिटाच्या किंवा तासाच्या नोंदींवर करा आणि मग सरासरी काढा. उलट केले तर फसाल. बारा तास ६० टक्के आणि बारा तास ९५ टक्के असतील तर सरासरी ७७.५. त्यावरून आर्द्रता ÷ (१०० − आर्द्रता) ३.४ येते. प्रत्यक्षात बारा तासांचे १.५ आणि बारा तासांचे १९ यांची सरासरी १०.२५ आहे.

पर्पलएअर या तयार मिळणाऱ्या हवा-मापकासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने काढलेले सूत्र बरेचजण इथे चिकटवतात: ०.५२४ × सेन्सर − ०.०८६२ × आर्द्रता + ५.७५. पर्पलएअरमध्येही प्लँटॉवरच असतो, त्यामुळे मोह होतो. पण यात आर्द्रता वजाबाकीत आहे, भागाकारात नाही. कच्चा ८० असताना ४० टक्क्यांवर ४४ येतात आणि ९० टक्क्यांवर ४०. म्हणजे आर्द्रता पन्नास टक्क्यांनी वाढली आणि फरक जेमतेम चारचा. कच्चा २० असो की २००, वजा होणारा आकडा तोच राहतो. त्या देशभरच्या नोंदींवर सरासरीने ते चांगले बसते, आणि तिथली आर्द्रता पर्पलएअरच्या आतल्या, उबेमुळे कोरड्या वाचणाऱ्या सेन्सरची आहे. कोकण किनाऱ्यावर जुलैत, आठवडेच्या आठवडे ८५ च्या वर आर्द्रता असताना, ते पाण्याचा परिणाम पुरता काढत नाही. काहीच नसण्यापेक्षा बरे, एवढेच म्हणता येईल.

एक कॅपा बाराही महिने चालत नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्री मीठ आणतो, कॅपा वर जातो. मात्र समुद्री मीठ बरेचसे जाड कणांत असते आणि प्लँटॉवरला जाड कण नीट दिसतच नाहीत, त्यामुळे परिणाम वाटतो त्यापेक्षा कमी. हिवाळ्यात लाकूड-कचरा जाळल्याचा धूर असतो, सेंद्रिय भाग जास्त, कॅपा खाली. दिल्लीत हिवाळ्याच्या पहाटे अमोनियम क्लोराइड आणि नायट्रेट साचतात, तिथे तो पुन्हा वेगळा. पावसाळा आणि हिवाळा यांचे दोन वेगळे कॅपा ठेवा, आणि प्रत्येकात एक आठवडा बाजूला ठेवून त्यावर तपासा. पुण्यात किंवा नाशकात एप्रिल-मेची दुपार २०-२५ टक्क्यांची, तिथे पाण्याचा प्रश्नच नाही. तिथे चूक उलट दिशेची: धूळ जाड, प्लँटॉवर ती कमी दाखवतो, आणि त्याचा पीएम १० चा आकडा तर बव्हंशी बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. मे महिन्यातला पीएम १० त्यावरून कुणाला सांगू नका.

पहाटेची प्रत्येक उसळी पाण्याची असते असेही नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि खराच धूर साचतो. नेमकी त्याच वेळी आर्द्रताही चढते. दोन्ही वेगळे करायला शेजारच्या केंद्राचे कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड पाहा. ते वायू आहेत, दमटपणाने फुगत नाहीत. पीएमबरोबर तेही चढले तर धूर खरा. पीएम एकटाच चढला आणि उन्हे आल्यावर आर्द्रतेबरोबर तासाभरात उतरला, तर पाणी. जोराच्या सरीनंतर आकडा खाली जायला हवा. तो सर चालू असताना वर गेला तर तुषार आत येत आहेत, डब्याचे तोंड खाली वळवा. शंका उरलीच तर इनलेटला हेपा फिल्टर (जवळजवळ सगळे कण अडवणारी गाळणी) लावा. सेन्सर शून्य-एकवर यायला हवा, दमट हवेतही. येत नसेल तर आत कोळी, जाळे किंवा लेन्सवर थर आहे, आणि मग हा सगळा हिशोब व्यर्थ.

हीटर. २७ अंश आणि ९० टक्क्यांची हवा ६० टक्क्यांवर आणायला ३४ अंशांपर्यंत तापवावी लागते, ५० टक्क्यांसाठी ३७.५ पर्यंत, ४० टक्क्यांसाठी ४१.५ पर्यंत. ५० टक्के हे लक्ष्य ठेवा. त्याहून तापवले तर अमोनियम नायट्रेट आणि हलके सेंद्रिय पदार्थ वाफ होऊन जातात आणि आता आकडा खोटा कमी येतो. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची, २५ सेंटीमीटर लांब स्टेनलेस स्टीलची सरळ नळी उभी लावा. मिनिटाला एक लिटर प्रवाहात हवा त्यात ०.४ सेकंद राहते. हवेला लागणारी उष्णता वॉटच्या पाचव्या हिश्श्याएवढीच आहे. नळीची गळती धरून तीन ते पाच वॉटची तार पुरते. प्लॅस्टिकची किंवा वाकवलेली नळी नको, कण भिंतीला चिकटतात. हीटर सतत चालू ठेवू नका: आतली आर्द्रता ६० च्या वर गेली की चालू, ५० ला बंद. बंद-चालूचा उंबरठा एकच ठेवला तर आकडा करवतीसारखा येतो. आणि पीएमएस५००३ चा पंखा अशक्त असतो; नळीने प्रवाह घटला का ते नळीसकट आणि नळीशिवाय शेजारी दोन सेन्सर ठेवून कोरड्या दुपारी पडताळा. तेच दोन सेन्सर पहाटे, एकाचा हीटर चालू ठेवून, पाण्याचा वाटा थेट दाखवतात. सौर पॅनेलवर चालणाऱ्या यंत्राला मात्र रात्रभर पाच वॉट परवडत नाहीत, तिथे सूत्रच बरे.

नोव्हाच्या एसडीएस०११ या दुसऱ्या लेझर सेन्सरची उत्पादकाने दिलेली मर्यादाच ७० टक्के आर्द्रता आहे. किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी तो हीटरशिवाय घेऊच नये.

राहिला प्रश्न सरकारी यंत्राला संदर्भ का मानायचे. मेट वनचे बॅम-१०२० सारखे यंत्र फितीवर कण गोळा करते आणि बीटा किरण किती अडले त्यावरून वस्तुमान काढते. बीटा किरणांना पाणीही वस्तुमानच, म्हणून इनलेटच्या नळीला हीटर असतो आणि पीएम २.५ साठी आर्द्रता सहसा ३५ टक्क्यांवर राखतात. मुंबईच्या जुलैत त्यासाठी हवा ४४ अंशांपर्यंत न्यावी लागते. केंद्राच्या खोलीतला एसी २२ वर असेल तर घोटाळा होतो: २७ अंश आणि ९० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो) २५ अंश आहे, म्हणजे हीटरच्या आधी थंड खोलीतून जाणाऱ्या नळीत पाणी धरते, फीत भिजते, एखाद्या तासाला आकडा उसळतो आणि फीत सुकताना पुढच्या तासाला उणे जातो. नळीला उष्णतारोधक गुंडाळून एसी २६-२७ वर ठेवला की बहुतेक वेळा हे थांबते. केंद्राच्या नोंदीत अशी उसळी-आणि-उणे जोडी दिसली तर ते दोन्ही तास तुमच्या हिशोबातून वगळा. पण पावसाने धुतलेल्या हवेत अधूनमधून येणारे उणे २, उणे ३ हा नुसता मोजणीतला चढउतार आहे. ते उणे आकडे शून्य करू नका, सरासरी विनाकारण वर सरकते.

फिल्टर पद्धतही दमटपणातून सुटत नाही. मिनिटाला १६.७ लिटर प्रवाहाने २४ तासांत २४ घनमीटर हवा जाते. ६० मायक्रोग्रॅमची हवा असेल तर ४७ मिलिमीटरच्या फिल्टरवर १.४४ मिलिग्रॅम जमतात. वजनकाटा १ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. टेफ्लॉनचा फिल्टर पाणी फारसे घेत नाही, काचतंतू आणि क्वार्ट्झचे घेतात. वारंवार उघडला जाणारा डेसिकेटर (कोरडे ठेवायचे बंद भांडे) आणि त्यातले ओलावा शोषून गुलाबी पडलेले सिलिका जेल असेल तर वजन सकाळी वेगळे आणि दुपारी वेगळे येते. प्रत्येक वजनाच्या फेरीत कोरा फिल्टर सोबत ठेवा. त्याचे वजन आधीच्या फेरीपेक्षा १५ मायक्रोग्रॅमहून जास्त हलले तर ती फेरी रद्द करून पुन्हा २४ तास खोलीत ठेवा.

फुगलेल्या कणाचा आकडा खोटा म्हणावा का? दृश्यमानता मोजणाऱ्याला तोच हवा असतो. पहाटे समोरची टेकडी दिसेनाशी होते ती ओल्या कणांमुळेच. शिवाय नाकातून आत गेलेला कण श्वसनमार्गाच्या जवळपास शंभर टक्के आर्द्रतेत तसाही फुगतो. पण २००९ च्या राष्ट्रीय मानकातले पीएम २.५ चे २४ तासांचे ६० मायक्रोग्रॅम कोरड्या वस्तुमानाचे आहेत. त्याच्याशी तुलना करायची असेल तर पाणी काढूनच करावी लागते. कच्चा आकडा, आर्द्रता आणि दुरुस्त आकडा असे तिन्ही रकाने साठवा, कच्चा कधीही पुसू नका. पुढच्या वर्षी कॅपा बदलला तर सगळे पुन्हा काढता येईल.